जुन्या गाडीचा वायपर अडला तर: काचेपासून मोटरीपर्यंत

वायपर बंद पडला की आपला एक हात बोनेटकडे जातो आणि दुसरा मोबाईलकडे, नवी मोटर कुठे मिळेल ते बघायला. दोन्ही हात जरा आवरा. जुन्या गाडीतली वायपरची मोटर क्वचितच आपणहून जाते. बहुतेक वेळा तिच्या पुढचं काहीतरी जाम झालेलं असतं, नाहीतर तिच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नसतो, आणि ओझं ओढता ओढता ती जळते. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची. आधी काच, मग रबर, मग आर्म (ब्लेड धरणारी दांडी), मग स्पिंडल (आर्म ज्यावर बसतो तो फिरणारा खुंटा), त्यानंतर वायरिंग, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

हा क्रम मी पैसे मोजून शिकलो. माझ्याकडे १९८४ची पद्मिनी आहे. जुलैतल्या एका रविवारी कासहून साताऱ्याकडे उतरताना यवतेश्वरच्या घाटात वायपरचा वेग कमी कमी होत गेला आणि दोन्ही ब्लेड काचेच्या मधोमध उभे राहिले. बाहेर पाऊस, त्यात धुकं असं की लाल दिवे दिसले तरच पुढे एसटी आहे म्हणायचं. कसेबसे खाली आलो (ते कसं, ते शेवटी सांगतो). दुसऱ्या दिवशी मोटर बदलून घेतली. पंधरा दिवसांत तीही गेली. तिसऱ्या खेपेला गाडी गोडोलीतल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आर्म काढले, स्पिंडलचं टोक चिमटीत धरून पिळून बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"आवो, मोटरी दोन बदला न्हाईतर चार बदला. ह्यो खुंटा आधी हातानं फिराय नको व्हय?"

खुंटा फिरत नव्हता. पुढचं सगळं त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

गाडी कुठे उभी होती?

जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर आधी एवढं विचारून घ्या. आपला सातारा जिल्हा मोठा विचित्र आहे. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडी-म्हसवडकडे दहा वर्षं अंगणात उभी राहिलेली गाडी आणली, तर तिची रबरं उन्हाने वाळून कडक झालेली असणार, पण लोखंड बरं निघेल. मेढा, बामणोली भागातली गाडी असेल तर रबर एखादवेळी शाबूत असेल, स्पिंडल मात्र गंजून बसलेले असणार. कुठून सुरुवात करायची याचा अर्धा अंदाज इथेच येतो.

हत्यारं फार लागत नाहीत: पाने, दोन स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, चिकटपट्टी, बारीक पॉलिश पेपर, ग्रीस, गंज सोडवणारं तेल (रस्टोलीन किंवा डब्ल्यूडी-४०, जे हाताशी असेल ते) आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करता येतो. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्लिपा. मल्टीमीटर असेल तर दुधात साखर.

कामाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. कोरड्या काचेवर वायपर चालवून बघायचा नाही. रबर फाटतं, काचेवर ओरखडे पडतात, आणि मोटरीवर नको तेवढा ताण येतो. आधी तांब्याभर पाणी, मग स्विच.

काच आणि रबर

वायपर फिरतोय पण काच पुसली जात नाही, उलट दुधाळ फिल्म पसरते, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक काचेचा असतो. डिझेलचा धूर, रस्त्यावरचं डांबर, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून चालताना उडणारी चिकट धूळ, आणि दसऱ्याला आपणच काचेवर काढलेलं हळद-कुंकवाचं स्वस्तिक, या सगळ्यांचा एक थर बसतो. तो पाण्याने जात नाही. भांडी घासायच्या लिक्विड साबणाने काच दोनदा धुवा, भरपूर पाण्याने साबण काढा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या वर्तमानपत्राने पुसा. काच स्वच्छ झाली का हे बघायचं असेल तर पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा उतरला तर झाली. तुकडे पडून थेंब थांबत असतील तर अजून तेलकट आहे.

राखेने, रांगोळीने किंवा भांड्याच्या काथ्याने काच घासू नका. त्यात कण असतात आणि जुन्या काचेवर आधीच पुरेसे ओरखडे असतात. रात्री समोरून दिवे आले की काचेवर अर्धवर्तुळाकार रेघा चमकताना दिसतात ना, त्या अशाच पडलेल्या असतात. काही जण रबर रॉकेलने पुसतात. त्याने रबर फुगून मऊ पडतं आणि काचेवर नवा तेलकट थर येतो तो वेगळाच. रबरासाठी साबणाचं पाणी आणि स्वच्छ फडकं पुरेसं आहे. फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसा.

मग रबराची कड बोटाने चाचपून बघा. कड सरळ, धारदार आणि लवचीक हवी. बोटाने दुमडल्यावर लगेच परत आली पाहिजे. गोलसर झाली असेल, भेगा असतील, किंवा एकाच बाजूला झुकून तशीच राहत असेल तर रबर बदला. यावर तेल-बिल लावून काही उपयोग नाही.

रबर बदलताना नवख्यांची फसगत दुकानात होते. आजच्या गाड्यांच्या आर्मला टोकाशी आकडा असतो, ब्लेड त्यात अडकतो. जुन्या गाड्यांच्या आर्मचं टोक बहुधा सरळ पट्टीसारखं असतं, ते ब्लेडच्या खाचेत घुसून खट्कन बसतं. त्या पट्ट्यांच्या रुंदीतही फरक असतात. 'पद्मिनीचा ब्लेड द्या' एवढं सांगून भागत नाही. जुना ब्लेड आर्मसकट काढून पिशवीत घालून न्या. मापाचा ब्लेड मिळालाच नाही तर ब्लेडची जुनी पत्र्याची चौकट ठेवून आत फक्त रबर नवं घालता येतं. लांब रबर आणायचं, जुन्याच्या मापाने कापायचं, दोन्ही कडांच्या स्टीलच्या पट्ट्या जुन्यातून काढून यात सरकवायच्या. माझ्या गाडीला आजही मूळ चौकटी आहेत आणि त्या नव्या काळ्या प्लॅस्टिकपेक्षा शंभर पटीने शोभतात.

आणखी एक. जीपसारख्या सपाट काचेचा ताठ ब्लेड गोलाई असलेल्या काचेवर चालत नाही. मधे पुसतो आणि दोन्ही टोकं कोरडी सोडतो, किंवा उलट.

आर्म: थरथर आणि अर्धवट पुसणं

नवं रबर घालूनही ब्लेड एका दिशेने गुळगुळीत जातो आणि परत येताना टकटक उड्या मारतो. हा आर्मचा पीळ. रबराची कड जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे कलंडली पाहिजे. ते व्हायचं तर ब्लेड काचेला काटकोनात उभा हवा. कधीतरी कुणीतरी गाडी धुताना आर्म वाकवलेला असतो. ब्लेड काढा, आर्मचं टोक काचेजवळ आणून बघा. टोकाची पट्टी काचेला समांतर नसेल तर दोन पक्कडींत फडकं धरून अगदी थोडी पिळा. थोडी म्हणजे खरंच थोडी. पुन्हा बसवा, पाणी ओता, बघा. एका फटक्यात सरळ करायला गेलात तर आर्म मोडेल, आणि जुन्या गाडीचा आर्म मोडणं म्हणजे जुन्या बाजारात चार रविवार.

ब्लेड काचेवर नुसता फिरतोय, दाबच नाही, असं वाटलं तर आर्ममधली स्प्रिंग गेलेली किंवा तिचा सांधा गंजलेला असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा कुणाकडे असेल तर आणा. ब्लेड जिथे आर्मला जोडला आहे तिथे अडकवून काचेपासून हलकेच उचला. दहा-अकरा इंची ब्लेडला ढोबळमानाने दोनशे ते तीनशे ग्रॅमचा दाब ठीक. ताणकाटा नसला तर दुसऱ्या बाजूच्या आर्मशी हाताने तुलना करा, फरक कळतो. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून आर्म वीसेक वेळा उचला-टेका. अर्ध्या वेळा तेवढ्यावर काम होतं.

हाताने फिरवून बघा

आता मुख्य गोष्ट. इथे घाई करू नका, कारण दोष यांत्रिक की विजेचा हे इथे ठरतं.

आर्म काढण्याआधी ब्लेड जिथे टेकलेला आहे तिथे काचेवर चिकटपट्टी लावून खूण करा. ही खूण न करता आर्म काढलेला माणूस संध्याकाळपर्यंत काढ-घाल करत बसतो. आर्म कसा निघतो ते गाडीगणिक बदलतं. काहींत स्पिंडलच्या टोकाला नट असतो, काहींत आर्मच्या बुडाशी छोटी क्लिप दाबून आर्म वर खेचायचा असतो. नट काढल्यावरही आर्म हलत नसेल तर त्याच्या बुडाशी तेल सोडा, चहा घेऊन या, मग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचका. खाली बॉनेटच्या रंगावर जाड फडकं टाकायला विसरू नका. स्क्रू-ड्रायव्हर काचेवर टेकवून तरफ लावू नका, काच जाईल.

आर्म निघाले की गाडीचा स्विच लावा आणि उघड्या स्पिंडलकडे बघा.

स्पिंडल आता छान वेगाने हलत असतील, तर मोटर आणि वायरिंग बरी आहे, ओझं बाहेर होतं: घट्ट आर्म, जास्त दाब, कडक रबर. मागच्या भागांकडे परत जा.

अजूनही रेंगाळत असतील किंवा हलतच नसतील, तर स्विच बंद करा, बॅटरीची एक वायर काढा आणि मोटरीपासून सांधा सोडवा. मोटर कुठे आहे हे शोधावं लागेल. काही गाड्यांत ती बोनेटखाली भिंतीला असते, काहींत डॅशबोर्डच्या मागे, जिथे पोचायला सर्कशीतला माणूस लागतो. मोटरीच्या दांड्यावरून एक पट्टी दोन्ही स्पिंडलना जाते, ती क्लिप किंवा नट काढून मोकळी करा. आता प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवा. दोन बोटांत, जोर न लावता फिरला पाहिजे. पाना लावावा लागत असेल तर दोष सापडला.

मोरिस घराण्यातल्या गाड्यांत, म्हणजे ल्युकास कंपनीची जुनी व्यवस्था असलेल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, पट्ट्यांऐवजी एका नळीतून सरकणारी दातेरी केबल असते. ती प्रत्येक स्पिंडलखालच्या छोट्या चाकाला फिरवते. तिथेही तोच नियम. केबल मोटरीपासून सोडवून हाताने मागेपुढे ओढा. नळीत वाळलेलं ग्रीस असेल किंवा नळी कुठे दबली असेल तर लगेच जाणवतं. केबल पूर्ण ओढून काढा, पुसा, नवं ग्रीस चोपडून परत घाला. चाकाचे दाते एकाच बाजूला झिजलेले असतात, कारण वर्षानुवर्षं तेवढाच भाग फिरतो. काही ठिकाणी चाक अर्धं फिरवून बसवलं की न झिजलेली बाजू कामाला येते.

जाम स्पिंडल मोकळा करायची रीत अशी. बाहेरून त्याच्या मुळाशी असलेलं रबर वर सरकवा, तिथे तेल सोडा. आतूनही सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी स्पिंडलच्या टोकावर आर्म नुसता बसवून हळूहळू दोन्ही दिशांना हलवा. पहिल्यांदा मिलिमीटरभर हलेल. पुन्हा तेल, पुन्हा हलवा. खालून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं की समजा गंज सुटतोय. माझ्या गाडीच्या ड्रायव्हर बाजूच्या स्पिंडलला तीन रात्री लागल्या, आणि सुटला तेव्हा त्यातून निघालं ते ग्रीस नव्हतं, वाळलेल्या गुळासारखं काहीतरी होतं. हातोडीने ठोकायचा मोह होतो. टोकावरचे दाते चेपले की आर्म पुन्हा कधीच घट्ट बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मोकळा झाला म्हणून लगेच जोडू नका. गंज सोडवणारं तेल पातळ असतं, महिन्याभरात उडून जातं आणि स्पिंडल परत बसतो. शक्य असेल तर स्पिंडल उतरवून, पुसून, ग्रीस भरून परत बसवा. मुळाशी असलेलं रबर फाटलं असेल तर ते बदला. तेच रबर पाणी आत जाऊ देत नाही. पावसात ड्रायव्हरच्या पायावर टपटप होत असेल आणि काचेचं रबर ठीक असेल, तर पाणी बऱ्याचदा इथूनच येत असतं.

सांध्यांमधले प्लॅस्टिकचे बुशही (छोट्या कड्या) बघा. ते झिजले की वायपर चालतो, पण खडखडतो, आणि ब्लेड कडेच्या फ्रेमवर आपटतात. बुश मिळाला नाही तर लेथवाल्याकडून नायलॉनचा करून घेता येतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत असं छोटं काम करून देणारा कुणी ना कुणी सापडतो, फक्त त्याच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.

करंट

स्पिंडल लोण्यासारखे फिरतायत आणि मोटर तरीही गप्प. आता वायरिंग.

पहिला फ्यूज. पद्मिनीसारख्या गाड्यांत चिनी मातीच्या दांडीवर पत्र्याची पट्टी असलेले फ्यूज असतात, दुसऱ्या काही गाड्यांत काचेच्या नळीचे. फ्यूज उडालेला दिसत नसला तरी काढा. दोन्ही टोकं आणि त्यांना धरणारे चिमटे हिरवट-पांढरे झालेले असतात. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, चिमटे किंचित आत दाबा, फ्यूज बसवून दोनदा गोल फिरवा. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची जुनी युक्ती कुणीतरी सांगेलच. करू नका. फ्यूज उडतो कारण काहीतरी जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. चांदी लावली की फ्यूजच्या जागी वायरिंग जळतं, आणि चाळीस वर्षांच्या वायरिंगला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

दुसरं, मोटरीपर्यंत वीज येते का. टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला लावा, दुसरी मोटरीच्या वायरीला. बॅटरीची काढलेली वायर परत जोडा, चावी आणि स्विच लावा. दिवा लागला पाहिजे. इथे एक मेख आहे. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः ल्युकासच्या वायरिंगमध्ये, मोटरीला प्लस सतत मिळतो आणि स्विच अर्थची (म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जाणारी) बाजू जोडतो. तिथे स्विच बंद असतानाही दिवा लागेल. त्यात काही बिघाड नाही. अशा गाडीत मोटरीची दुसरी वायर स्विचमार्गे बॉडीला पोचते का ते बघायचं.

तिसरं, अर्थ. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीतल्या विजेच्या दहा तक्रारींतल्या सहा-सात अर्थच्या असतात. मोटर ज्या बोल्टने भिंतीला बसवली आहे तिथे गंज, वर कुणीतरी मारलेला रंग, आणि मधे रबरी वॉशर. करंट परत जाणार कुठून? मोटरीच्या अंगापासून थेट बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत एक सुटी वायर धरा. वायपर एकदम जोरात चालू झाला तर हसा, पॉलिश पेपर घ्या आणि बोल्टची जागा घासा. पाच मिनिटांचं काम.

मल्टीमीटर असेल तर वायपर चालू असताना आधी बॅटरीवर आणि मग मोटरीवर व्होल्ट मोजा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. वायपर चालू केला की थोडं उतरेल. पण बॅटरीवर १२.३ आणि मोटरीवर ११ असेल, तर मधले १.३ व्होल्ट स्विचमध्ये, फ्यूजच्या चिमट्यात किंवा एखाद्या सैल टोकात खर्ची पडतायत. एक एक टप्पा मोजत मागे या. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष.

गाडीला बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर आणखी एक गोष्ट ओळखून ठेवा. डायनामो आयडलिंगला जवळजवळ चार्ज करत नाही. पावसाळ्यात रात्री हेडलाइट लावून पोवई नाक्याच्या गर्दीत खोळंबलात की वायपर म्हाताऱ्यासारखा चालतो, आणि ॲक्सिलरेटर दिला की तरुण होतो. त्यात वायपरचा दोष नाही. बॅटरी आणि तिची टोकं चांगली ठेवा. हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवून त्यांचा भार थेट बॅटरीवरून घेतला तर जुन्या स्विचवरचा आणि डॅशबोर्डमागच्या वायरींवरचा ताणही हलका होतो.

मोटर उघडायचीच असेल तर

सगळं तपासून झालं, मोटर सुटी काढून टेबलावर ठेवली, फ्यूज घातलेल्या वायरीने बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले, तरी ती कण्हते किंवा गप्प राहते. आता तिला उघडायचा हक्क मिळाला. थेट वीज देताना बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे ते बघून घ्या. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. कायम चुंबकाच्या मोटरीला उलटी वीज दिली की ती उलटी फिरते. मोटरीला तीन-चार वायरी असतील तर कोणती कशाची हे कळेपर्यंत वीज देऊ नका.

झाकण काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि झाकण व बॉडी मिळून एक रेघ ओढा. आत पातळ वॉशर असतात, ते कुठल्या क्रमाने आले ते लिहून ठेवा.

गिअरच्या बाजूला जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते काडीने खरवडून, पुसून नवं भरा. कित्येक 'जळालेल्या' मोटरी एवढ्यावरच बऱ्या झालेल्या मी बघितल्यात. दुसऱ्या बाजूला कॉम्युटेटर (फिरत्या भागावरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी) आणि त्यावर टेकून वीज देणारे कार्बन. कार्बन झिजून आखूड झाले असतील किंवा त्यांच्या खाचेत अडकले असतील तर टेकत नाहीत. मापाचा कार्बन मिळाला नाही तर थोडा मोठा आणून पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर सर्वात बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने गोल फिरवत पुसा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा टाचणीने साफ करा. पेपर साधा वाळूचा घ्या, एमरी नको. तिचे कण वीजवाहक असतात आणि खाचांत बसले की शॉर्ट करतात.

आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नका, त्यावरच्या तारांचं वॉर्निश उतरतं. आत चुंबक असेल तर बॉडीवर हातोडी नको, ते ठिसूळ असतात. आणि जळक्या वॉर्निशचा वास येत असेल, तारा काळ्या पडल्या असतील, तर पुढे जाऊ नका. वाइंडिंगवाल्याकडे द्या. मूळ मोटर वाइंडिंग करून घेणं हे बाजारातल्या 'बसते, जरा पट्टी वाकवा' मोटरीपेक्षा बरं, असं मला तरी वाटतं.

खाली जाऊन न थांबणारा वायपर

स्विच बंद केला की ब्लेड जिथे असेल तिथेच थांबतो, किंवा थांबतच नाही. अगदी जुन्या गाड्यांत ब्लेड आपोआप खाली जायची सोयच नव्हती, आपण अंदाजाने स्विच बंद करायचा. तुमची तशी असेल तर दोष शोधत बसू नका. नंतरच्या गाड्यांत मोटरीच्या गिअरपाशी एक छोटा पार्किंग स्विच असतो. फेरी पूर्ण होईपर्यंत तो मोटरीला वीज देत राहतो. त्याची पाती मळली की मधेच थांबतो, चिकटली की थांबत नाही. पाती साफ करा. ब्लेड खाली थांबतो पण वाकडा, तर स्विच बरा आहे, आर्म एक दाता इकडेतिकडे बसलाय. म्हणून ती चिकटपट्टी.

जीपवाल्यांसाठी

काही जुन्या जीपमध्ये वायपर विजेवर चालत नाही, इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा आत ओढणाऱ्या नळीतल्या) व्हॅक्यूमवर चालतो. ॲक्सिलरेटर सोडला की व्हॅक्यूम भरपूर, दाबला की नाहीसा. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलात, पाय खाली दाबला, आणि वायपर नेमका तेव्हाच झोपतो. ही त्या यंत्रणेची जात आहे. पण सपाटीवरही झोपत असेल तर रबरी नळी बघा, भेगाळलेली असते. नळी काढून, दुसरं टोक बोटाने दाबून तोंडाने ओढा, हवा येत असेल तर बदला. आणि एक गमतीची गोष्ट: पुष्कळ जुन्या जीपना मालकांनी नंतर डिझेल इंजिन बसवलं. डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही. अशी जीप घेतलीत आणि जुना वायपर चालू करायच्या मागे लागलात तर हयात जाईल. विजेचा वायपर बसवून मोकळे व्हा.

घाटात अडकलात तर

आधी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, दिवे चालू ठेवा, आणि सर ओसरायची वाट बघा. आपल्याकडच्या सरी दम खातात. फ्यूज बदलून बघा. डॅशच्या कप्प्यात चार सुटे फ्यूज कायम हवेत. जुने ड्रायव्हर काचेवर ओली तंबाखू चोळायचे, पाणी थांबत नाही, घसरून जातं. कच्चा बटाटा कापून चोळला तरी थोडा वेळ तसंच होतं. दोन्ही तात्पुरते, आणि नंतर काच धुवावीच लागते.

मी त्या रविवारी खाली उतरलो तो सुतळीवर. मोटरीचा सांधा सोडवला, कारण तो जोडलेला असताना ब्लेड ओढून हलत नाहीत. ड्रायव्हर बाजूच्या ब्लेडला सुतळी बांधली, एक टोक माझ्या खिडकीतून आत, दुसरं पलीकडच्या खिडकीतून मेव्हण्याच्या हातात. स्पिंडल घट्ट होताच, पण दोघांच्या जोरापुढे हलत होता. "ओढ," म्हटलं की तो ओढायचा, मग मी. बोगद्यापर्यंत आम्ही दोघेही कोपरापर्यंत भिजलो होतो आणि मेव्हण्याचं 'ओढ'वर लक्ष राहिलं नव्हतं. टॉप गियरात नाही, चालत्या माणसाच्या वेगाने आणि रस्ता रिकामा असेल तरच हे करायचं.

शेवटची चाचणी

सगळं जोडलं की घराच्या दारात काचेवर बादलीने पाणी सोडत दहा मिनिटं वायपर चालवा. कुणाला तरी पाणी ओतायला घ्या, एकट्याने जमत नाही. मग मोटरीला हात लावा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल इतकी तापली तर कुठेतरी अजून अडतंय, स्पिंडलकडे परत जा. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावीच लागते, आणि तिथे वायपर चालवून दाखवा म्हणतात. ती तारीख उन्हाळ्यात येत असली तरी हे काम मृगाच्या आधी उरकलेलं बरं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात जाऊन बघा, तुमच्या पुढे सहा गाड्या उभ्या असतात.